झाकपाक करतानाच ठरवायचं: उरलेल्या अन्नाचं काय करायचं, अगदी पहिल्यापासून

घरात अन्न वाया कसं जातं ते जरा नीट बघा. रात्री वाटीभर आमटी उरते, आपण ती डब्यात काढतो, फ्रीजमध्ये ठेवतो, टाकली नाही म्हणून बरं वाटतं, आणि चार दिवसांनी तोच डबा मागच्या कोपऱ्यात सापडतो, झाकण उघडलं की वास, मग सगळं बेसिनमध्ये. म्हणजे टाकायचं ते टाकलंच, फक्त चार दिवस उशिरा. माझं स्पष्ट मत आहे की उरलेलं अन्न रेसिपी माहीत नसते म्हणून वाया जात नाही, आपल्या आज्या-आयांनी ढीगभर रेसिप्या करून ठेवल्यात. ते वाया जातं कारण रात्री झाकपाक करताना "उद्या याचं काय" हे कोणी ठरवलेलं नसतं. तेवढं एक ठरवायची सवय लागली की अर्धं काम झालं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला साधारण ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं असा अंदाज दिलाय. यात सालं, देठं, बिया पण धरल्यात, पण तरी चार माणसांच्या घरात दिवसाला अर्ध्या किलोच्या वर होतं ते. आता सुरुवात करू.

पहिलं काम: आठवडाभर नुसतं लिहून ठेवा

लगेच काही बदलायला जाऊ नका. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकोनात, त्या दिवशी काय टाकलं ते दोन शब्दांत लिहायचं, "भात १ वाटी", "कोथिंबीर अर्धी जुडी", "पोळ्या ३". बस. आठवड्याने बघितलं की कळतं, प्रत्येक घराचं दुखणं वेगळं असतं. कुठे भात रोज उरतो, कुठे पालेभाजी सडते, कुठे मुलांचा डबा अर्धा परत येतो. आपलं जे असेल त्याच्यापासून सुरू करा, सगळं एकदम करायला गेलात तर पंधरा दिवसात कंटाळा येतो.

दुसरं: शिजवायचं माप

मापाला एकच वाटी ठरवा आणि ती तांदळाच्या डब्यातच ठेवा. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो, पोळी-भाजी-भात असं पूर्ण जेवण असेल तर एका माणसाला वाटीभर भात पुरतो, बघा तुमच्या घरात किती लागतो ते. पोळ्यांचं सोप्पंय, कणीक मळायच्या आधी विचारायचं कोण किती खाणार, कोण बाहेर जेवून येणार. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर दिवसभर सुप्रभात आणि फुलं फिरत असतात, त्यात "आज रात्री जेवायला कोण" हा मेसेज संध्याकाळी टाकायला काहीच हरकत नाही.

आता खरी अडचण अशी की आपल्याकडे "उरलं तरी चालेल पण कमी पडायला नको" हे हाडीमाशी मुरलंय, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, कोणी ऐनवेळी आलं तर त्याला पोटभर जेवायला मिळालंच पाहिजे. पण त्यासाठी रोज दोन माणसांचं जास्त शिजवायची गरज नाही, मेतकूट, भाजणी, पापड, एखादी सुकी चटणी, चार अंडी, एवढं घरात कायम ठेवा. कमी पडलं तर दहा मिनिटांत थालीपीठ होतं. हा भरवसा असला की हात आपोआप आखडतो.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: झाकपाक

जेवणं झाल्यावर पातेली तशीच ओट्यावर ठेवून सिरियल बघायला बसायचं नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे आणि उन्हाळ्यात, म्हणजे पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. ५ ते ६० अंश या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून वरून झाकण ठेवलेलं कोमट पातेलं हे त्यांच्यासाठी अगदी सोयीचं असतं. मोठं गरम पातेलं अख्खं फ्रीजमध्ये ढकलू नका, त्याने आजूबाजूचं पण तापतं आणि पातेल्याच्या मध्ये कितीतरी वेळ गरम राहतं. भात ताटात पसरवायचा, आमटीचं पातेलं परातीत गार पाणी घेऊन त्यात ठेवायचं आणि दोन-चार वेळा ढवळायचं, मग उथळ डब्यांमध्ये काढायचं. चिंच, कोकम, टोमॅटो घातलेलं काही असेल तर अल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू नका, स्टील किंवा काच.

मग डब्यावर पट्टी. कागदी चिकटपट्टी आणि पेन फ्रीजच्या वरच ठेवा, आणि पट्टीवर तीन गोष्टी लिहायच्या, काय आहे, कधीचं आहे, आणि उद्या त्याचं काय होणार. तिसरी गोष्ट विसरायची नाही, सगळी मेख तिथेच आहे. "बुध रात्र, मूग उसळ, उद्या डब्याला पराठा." एवढं लिहिलेलं असलं की सकाळी साडेसहाला डोकं चालवावं लागत नाही, आणि घरातलं दुसरं कोणीही तो डबा उघडून पुढचं काम करू शकतं.

फ्रीजमधला मधला कप्पा, डोळ्यासमोरचा, फक्त उरलेल्यासाठी राखून ठेवा. जॅमची बाटली आणि सॉस खाली गेले तरी चालतात, महिनाभर टिकतात ते, पण आपण नेमके तेच समोर ठेवतो. शक्य असेल तर काचेचे डबे, आतलं दिसतं.

गरम करताना लागेल तेवढंच काढून घ्या आणि चांगली खळखळून उकळी किंवा दणदणीत वाफ येऊ द्या, कोमट करून खाऊ नका. एकदा गरम केलेलं परत फ्रीजमध्ये, परत गरम, असं करायचं नाही.

चौथं: कशाचं काय करायचं

पोळ्या. फोडणीची पोळी सगळ्यांना येते पण ती बऱ्याचदा कोरडी ठाक होते किंवा लगदा होतो. पोळी हाताने कुस्करा, मिक्सरला लावलीत तर पीठ होतं. फोडणी नेहमीपेक्षा जरा सढळ, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची, भरपूर कांदा, कांदा गुलाबी झाला की दाणे, मग कुस्करलेली पोळी, मीठ, चिमूटभर साखर. आता पाणी ओतायचं नाही, ताकाचा हबका मारायचा, दोन-तीन वेळा थोडा थोडा, झाकण ठेवायचं आणि मंद आचेवर वाफ काढायची. ताकाने मऊ पण राहते आणि किंचित आंबूस चव येते. वरून लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. मुलं खात नसतील तर तीच पोळी मिक्सरला रवाळ फिरवून गूळ आणि पातळ तूप घालून लाडू वळा, त्याला कोणी नाही म्हणत नाही.

भाकरी. ज्वारीची शिळी भाकरी ताकात कुस्करायची, मीठ, बारीक कांदा, ठेचा, वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. उन्हाळ्यात दुपारी याच्यापुढे मला तरी दुसरं काही नको असतं.

भात. याच्याबाबतीत जरा कडक व्हायलाच लागतं. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवताना मरत नाहीत, आणि भात बाहेर तासन्‌तास राहिला की वाढून विष तयार करतात, त्यातलं उलट्या करवणारं विष परत गरम केल्यानेही जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी कितीही परतला तरी उपयोग नाही. रात्रीच गार करून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. फ्रीजमधला भात घट्ट होतो तेच फोडणीच्या भाताला चांगलं, गुठळ्या हाताने मोकळ्या करायच्या, तिखट-मीठ-हळद आधीच भाताला चोळून घ्यायचं म्हणजे रंग सारखा येतो, आणि फोडणीत टाकून पाण्याचा हबका मारून वाफ. थोडाच उरला असेल तर भाजणीत किंवा तांदळाच्या पिठात कुस्करून थालीपीठ लावा, छान मऊ होतं.

वरण-आमटी. याची वरणफळं, काही घरांत चकोल्या म्हणतात. कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ, थोडं तेल घालून घट्ट मळायचं. उरलेलं वरण भरपूर पातळ करायचं कारण फळं पाणी पितात, त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी, चिंच-गूळ, गोडा मसाला. पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे काप करायचे आणि वरण खळखळ उकळत असतानाच एकेक सोडायचे. सगळे एकदम टाकले की चिकटून गोळा होतो, हे लक्षात ठेवा. दहा-बारा मिनिटं शिजवून वर चमचाभर तूप. अख्ख्या घराचं जेवण होतं आणि शिळं खातोय असं कोणाच्या मनातही येत नाही. वाटीभरच वरण असेल तर पाण्याऐवजी त्यातच कणीक मळा, ओवा-तिखट घालून, डब्याला खमंग पराठे.

कोरडी भाजी, उसळ, पोहे, उपमा, या सगळ्याला एकच उत्तर, थालीपीठ नाहीतर कटलेट, बांधायला भाजणी किंवा बेसन. साबुदाण्याची खिचडी उरली तर त्यात उकडलेला बटाटा आणि राजगिऱ्याचं पीठ घालून तव्यावर थापा, उपास पण मोडत नाही. इडलीचं पीठ आंबट झालं तर थोडा रवा घालून कांद्याचे उत्तप्पे नाहीतर आप्पे. इडल्याच उरल्या तर फोडणीच्या इडल्या. माशाचं कालवण दुसऱ्या दिवशी मुरून उलट जास्त छान लागतं, पण वेळेत फ्रीजमध्ये गेलेलं असेल तरच, आणि त्याच्या पुढे ताणायचं नाही. चिकन-मटणाचा रस्सा फार तर तीन दिवस.

पाचवं: दूध, साय, ताक

दुधाचं आपल्याकडे इतकं नीट ठरलेलं आहे की काही वायाच जाऊ नये. साय रोज एका डब्यात, पहिल्याच दिवशी चमचाभर दही घालून, फ्रीजमध्ये. आठवड्याने बाहेर काढून नीट विरजली की घुसळायची, लोणी वेगळं, ताक वेगळं. लोणी दोन-तीन पाण्याने धुऊन कढवायचं, तूप गाळलं की खाली बेरी राहते. ती गरम असतानाच साखर घालून पोरांना द्या, किंवा कणकेत मळून पोळ्या करा, किंवा त्याच पातेल्यात रवा टाकून भाजा आणि शिरा करा, पातेल्याला लागलेलं तूपसुद्धा रव्याला लागतं आणि पातेलं घासायला पण सोपं.

ताक जास्त आंबट झालं की कढी, आणि कढीचा कंटाळा आला असेल तर उकड. फोडणीत लसूण, हिरवी मिरची, आलं, मग ताकात थोडं पाणी आणि तांदळाची पिठी गुठळ्या न ठेवता कालवून ओतायची, सतत ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवायची, खाताना वरून कच्चं तेल.

दूध तापवताना फाटलं आणि वास नेहमीसारखाच असेल तर लिंबू पिळून पूर्ण फाडा आणि पनीर करा, किंवा साखर-वेलची घालून आटवा. खालचं पाणी कणीक मळायला घ्या. पण चव कडवट असेल, तार सुटत असेल किंवा वास वेगळा असेल तर मोह नको, ओतून द्या.

सहावं: शिरा, सालं, देठं

दोडक्याची भाजी करतो तेव्हा शिरा कचऱ्यात जातात, त्यांची चटणी भाजीपेक्षा भारी होते. दोडके आधी धुवायचे, शिरा सोलाण्याने काढून अगदी बारीक चिरायच्या. कढईत दीड-दोन चमचे तेल, त्यात शिरा, आणि आच मंद. इथे घाई केली की वरून जळतात, आत कच्च्या राहतात, सात-आठ मिनिटं हलवत बसायचं, हिरवा रंग गडद होतो आणि कालथ्याला कुरकुर आवाज यायला लागतो, मग ठेचलेला लसूण, तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं. तीळ तडतडले की गॅस बंद, मग तिखट, मीठ, किंचित साखर. पाण्याचा थेंब लागला नसेल तर तीन-चार दिवस सहज राहते. दुधीच्या आणि लाल भोपळ्याच्या सालांची पण अशीच करता येते.

एक मात्र जीवावरचं आहे म्हणून ठळक सांगते. दुधी आणि दोडका चिरताना छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा, कडू लागला तर थुंकायचं आणि अख्खा फेकून द्यायचा. त्या कडूपणात विषारी द्रव्यं असतात, शिजवून जात नाहीत, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. वाया जाऊ नये म्हणून कडू दुधी खाणं ही काटकसर नाही.

बाकी भराभर सांगते. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, मुळ्याचा आणि नवलकोलाचा पाला पीठ पेरून भाजीत, फ्लॉवरचे कोवळे दांडे बारीक चिरून रश्श्यात, कलिंगडाचा सालाजवळचा पांढरा भाग किसून थालिपिठात, फणसाच्या आठळ्या धुऊन वाळवून उसळीत किंवा आमटीत. पिळलेल्या लिंबाच्या साली मीठ लावून बरणीत साठवत राहा, पुरेशा झाल्या की तिखट-गूळ घालून लोणचं.

सातवं: मंडईतून आल्यावरची वीस मिनिटं

पिशवी तशीच फ्रीजमध्ये कोंबली की संपलं. कोथिंबिरीच्या मुळ्या कापून, पिवळी पानं काढून, न धुता, कोरड्या कापडात किंवा पेपरात गुंडाळून डब्यात. पालेभाजी पण न धुता, निवडून, धुवायची ती करायच्या वेळी. मिरच्यांचे देठ काढून कोरड्या डब्यात. केळी, आंबे, सफरचंद, पिकलेले टोमॅटो यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने शेजारच्या भाज्या आणि फळं लवकर पिकतात, म्हणून पालेभाजी यांच्याजवळ नको. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, बटाट्यांना लवकर मोड येतात, दोन्ही वेगळे, हवेशीर, अंधारात.

आणि पाकिटावरची तारीख नीट वाचा. 'बेस्ट बिफोर' म्हणजे तोपर्यंत चव, कुरकुरीतपणा चांगला राहील, नंतर लगेच विष होत नाही, बघून वास घेऊन ठरवा. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' असेल तर ती तारीख गेली की खायचं नाही.

आठवं: काय टाकायचंच

बुरशी आलेली पोळी, ब्रेड, भात, तेवढाच भाग काढून खाऊ नका, बुरशीचे धागे आत कुठवर गेलेत ते डोळ्यांना दिसत नाही. खवट, बुरशी आलेले शेंगदाणे तर अजिबात नको, त्यात यकृताला घातक अफलाटॉक्सिन असू शकतं आणि ते भाजून जात नाही. हिरवे पडलेले, कडू बटाटे टाका. आणि ज्याच्यावर पट्टी नाही आणि कधीचं आहे ते कोणालाच आठवत नाही, ते पण.

टाकायचं ते सरसकट कचऱ्याच्या बादलीत जाण्यापेक्षा जमेल तेवढं खतात जावं. झाकणाची, भोकं पाडलेली बादली किंवा मोठी कुंडी बाल्कनीत ठेवा, खाली वाळलेल्या पानांचा थर, वर चिरलेला ओला कचरा, वर परत पानं किंवा कोकोपीट, ओल्याच्या जवळजवळ दुप्पट सुकं. वास येतोय म्हणजे ओलं जास्त झालंय, सुकं वाढवा आणि हलवा. शिजवलेलं तेलकट अन्न, मासे, मटण घातलंत की उंदीर आणि अळ्या, ते टाळा. दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं, कढीपत्त्याच्या कुंडीला घाला.

शेवटचं: शिळं कोणाच्या ताटात?

याबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. बहुतेक घरांत ताजी पोळी बाकीच्यांना आणि कालची स्वयंपाकघरातल्या बाईला, न बोलता ठरलेलं असतं. तिला भूक नसते तरी ती "टाकवत नाही" म्हणून खाते. पोटात ढकलून संपवलेलं अन्न पण वायाच गेलं की! उरलेलं सगळ्यांचं, तर वाटणी पण सगळ्यांची. कामाला येणाऱ्या मावशींना द्यायचं असेल तर त्याच दिवशीचं, चांगलं, विचारून, डब्यात घालून द्या, आपण स्वतः खाणार नाही असं तिसऱ्या दिवशीचं देऊ नका.

यावर सोपा उपाय म्हणजे आठवड्यातली एक रात्र ठरवून टाका, मंडईच्या आदल्या दिवशीची. त्या रात्री नवीन भाजी-आमटी करायची नाही, फ्रीजचा मधला कप्पा अख्खा रिकामा करून डबे टेबलावर मांडायचे, पट्ट्या मोठ्याने वाचायच्या, ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं आणि आपलं आपण गरम करून घ्यायचं, बाबांनी पण आणि आठवीतल्या पोराने पण. सोबत गरम भाकऱ्या तेवढ्या टाका, आणि त्या टाकायची पाळी पण दर आठवड्याला बदला.